थिरथिरा जाईपर्यंत

२६ नोव्हेंबर

ही डायरी एका औषध कंपनीची. शिरूरच्या लॅबमध्ये असताना फुकट मिळालेली, दर पानाखाली बीपीच्या गोळीची जाहिरात आहे. नऊ वर्षं लोकांचं रक्त काढलं, आता या पानांवर माझं काय काय निघतंय ते बघू.

लग्न परवा झालं. तेहेतिसाव्या वर्षी, मंगळाच्या पत्रिकेला बिजवर. सत्यजीत नाव, कुरकुंभला एका कंपनीत ऑपरेटर, तीन शिफ्ट. भांडगावात हायवेला लागून घर. घरात सासूबाई, पुतळाबाई, आणि नऊ वर्षांची सृष्टी. तिची आई अनिता गेल्या वर्षी ऑक्टोबरात हायवे ओलांडताना गेली. वर्षश्राद्ध उरकलं आणि ही मंडळी मला बघायला शिरूरला आली.

आता जे झालं ते लिहिते. दुसरीकडे कुठं सांगू? घरात पाऊल टाकल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि त्याच्या हातात अंगठी दिली, बायकोचं नाव लिही म्हणून. माझं नाव बदलायचं नाही, राजश्रीच ठेवायचं, हे बैठकीतच ठरलं होतं. सगळे वाकून बघताहेत, मोबाईल वर धरलेले. आणि यानं लिहिलं, अनिता. शेवटचा काना दिला तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. कान लालेलाल. तळव्यानं पुसायला गेला तर सासूबाईंनी मनगट धरलं. "मोडू नगं. लक्षुमीम्होरं लिवलेलं मोडत न्हाईत."

झालं. माझं बारसं झालं. आई पदरानं डोळे पुसत होती, आमचे आप्पा छताकडं बघत होते. आणि मी गप्प. मी! सुई बघून ओरडणाऱ्या पैलवानांना दम देणारी बाई.

दुसऱ्या दिवशी तो चहा पिताना म्हणाला, "हात वळला. सवय हाय हाताला." एवढंच. माफी मागितली असती तर भांडले तरी असते.

गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक आहे. पहिलीचा. दुसरीनं घालायचा असतो, म्हणजे पहिली कोपत नाही म्हणे. सुपारीएवढाही नाही, पण मान दुखते.

२९ नोव्हेंबर

आज कळलं की अनिता घरीच आहे.

मागच्या अंगणात भिंत आहे, तिच्यावर सकाळी एक पाखरू येतं. चिमणीएवढं, मातकट, नजरेत न भरणारं. पण शेपूट वीटकरी लाल, आणि ते शेपूट एक क्षण स्वस्थ नाही. बसलं की थरथर, उडून परत बसलं की थरथर. हुडहुडी भरलेल्या माणसाला बघावं तसं वाटतं. मी हुसकायला हात उचलला तर सासूबाई कडाडल्या, "हात खाली घे! ती हाय ती."

मग सांगितलं. दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. दोन तास उन्हात बसले. काय काय कबूल केलं, पोरीला शिकवू, तुझ्या माहेरच्यांना अंतर देणार न्हाई, तरी शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. घरी आले तर या भिंतीवर हे पाखरू, थरथरत. आधी कधी कुणी बघितलं नव्हतं. सासूबाईंनी मूठभर भात ठेवला आणि पाखरू भातापाशी उतरलं. तेव्हापासून रोज भात. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलं, आणि यंदा वर्षश्राद्धाच्याच आठवड्यात परत आलं.

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. उगाच खोटं कशाला लिहू, अंगावर काटा आला.

३ डिसेंबर

सृष्टी माझ्याशी बोलत नाही असं नाही. विचारलं तेवढं बोलते. "जेवली?" "व्हय." "अभ्यास?" "झाला." मला हाक मात्र कशानंच मारत नाही. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, "आजी कुठंय?" रोज. मी समोर उभी असते, भजी तळत. मला कुणी विचारत नाही मी कुठंय.

आज मात्र आपणहून बोलली. भात ठेवून सासूबाई आत गेल्या, तर ती हळूच म्हणाली, "ते भात खात न्हाई. भाताला मुंग्या येत्यात, त्या खातं. भात चिमण्या नेत्यात." मी म्हटलं, अगं मग आजीला सांग की. तर माझ्याकडं असं बघितलं, की वेडी मीच. "आजीला सांगू नका."

पोरीचा जीव केवढा अडकलाय त्या पाखरात. आईचा घास चिमण्यांनी नेला हे आजीला कळू नये म्हणून धडपड.

११ डिसेंबर

दौंडच्या बाजारातून ताजा कढीपत्ता आणला. मस्त कढी केली. सासूबाईंनी वाटी पुढं ओढली, वर तरंगणारं पान बघितलं आणि ताटावरून उठल्या. हात धुतला आणि बाहेर गेल्या. सत्यजीतनं मान खाली घालून दोन घास गिळले. सृष्टीनं उठून कढीतली पानं एकेक वेचली आणि मुठीत धरून मोरीत टाकली.

कढी नासली नव्हती, आंबट नव्हती. म्हणजे माझ्या हातचंच नको. बरं बाई. अनिताताई सुगरण होत्या, आम्ही आपल्या लॅबवाल्या!

उरलेली मी एकटीनं प्यायले. पोट बिघडलं, ते वेगळं.

१९ डिसेंबर

फोनवर शोधलं. त्या पाखराचं नाव थिरथिरा. लांब उत्तरेतून थंडीचं येतं, उन्हं तापली की परत. एकच पाखरू वर्षानुवर्षं त्याच भिंतीवर येऊ शकतं. म्हणजे ती अनिता असो नसो, मागच्या साली आलेलं तेच हे असणार. ते वाचून उलट भीती वाढली.

आणखी एक वाचलं. अमेरिकेतपण याच्याच इंग्रजी नावाची पाखरं आहेत, त्यांची या पाखरांशी सोयरीक नाही. कुळ वेगळं, रंग वेगळे. इंग्लंडातून माणसं तिकडं गेली, झाडात लाल शेपूट हललेलं दिसलं आणि घरच्या पाखराचं नाव देऊन मोकळी झाली. आठवण येत असणार.

त्या पाखराला कुणी विचारलं नसेलच.

१५ जानेवारी

काल संक्रांत. हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या. त्यातल्या रतनबाई म्हणाल्या, "अनिता, तिळगूळ घे." दुसऱ्यांदा हाक आली तरी मी वळले नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा वळले. बाया खूष. "रुळली गं."

घरात मला आता काही शोधावं लागत नाही. हिंग कुठं, गाळणी कुठं, हात आपोआप जातो. डब्यांवर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत, मोहरीचा 'ह' माझ्यासारखाच वाकडा. तिच्या चपला मोरीजवळ आहेत. आज घाईत पाय घातला, बरोबर बसल्या. पटकन काढल्या. पण बसल्या खऱ्या.

दुपारी सगळीकडं सामसूम असते तेव्हा पाखरू स्वयंपाकघराच्या खिडकीवर येतं आणि काचेवर चोच मारतं. टक टक, टक टक. स्वतःचीच छबी दिसते म्हणून मारतं, मला ठाऊक आहे. तरी आज मी म्हटलं, "या, अनिताताई. काय विसरलं?"

माझाच आवाज ऐकून दचकले.

२ फेब्रुवारी

रोज बोलते तिच्याशी. आता लिहायला लाज कसली. भांडी घासताना सगळं सांगते, सासूबाई काय बोलल्या, सत्यजीत काय बोलला नाही. ती थरथरत ऐकते. परवा म्हटलं, "तुमचं बरं आहे. तुम्ही थरथरलात तर लोक भात ठेवतात."

१६ फेब्रुवारी

सत्यजीत आज सुट्टीवर. अंगणात गाडी पुसत होता, पाखरू गाडीच्या आरशावर येऊन बसलं. तो फडकं हातात धरून तसाच उभा राहिला, ते उडेपर्यंत. मग माझ्याकडं न बघता सांगितलं.

मागच्या साली पाडव्याच्या आदल्या दिवशी पाखरू गेलं, आणि त्याच दिवशी सृष्टी तापली. पंधरा दिवस. अन्न नाही, शाळा नाही. दौंडला दाखवलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. "डॉक्टर म्हणला, मनाला लावून घेतलंय. आई पंधरा दिवस तिच्या उशापासनं हलली न्हाई. मी तर सोडूनच दिली होती आशा." फडकं पिळत म्हणाला, "यंदा काय होतंय काय म्हाईत. एक गेलीच हाय."

पहिल्यांदा त्याचा आवाज फुटलेला ऐकला. मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि गाडी मी पुसली. दुसरं काय करणार.

पाडवा यंदा तीस मार्चला. सहा आठवडे.

९ मार्च

सासूबाईंचं काय चाललंय कळत नाही. दुपारी सर्व्हिस रोडच्या कडेला जाऊन उभ्या राहतात. विचारलं तर म्हणतात, "ऊन खाती." मार्चात ऊन खातात? मग पाखराच्या भाताची वेळ झाली की आपोआप परततात. आमच्यापेक्षा त्या पाखराचं घड्याळ त्यांना कळतं.

मला काळजी पोरीची आहे. पाच मिनिटं पाखरू दिसलं नाही तर ती आधी आजीच्या तोंडाकडं बघते, मग भिंतीकडं. मी तिला दूध दिलं, गोष्टी सांगितल्या, शिरूरला मामाकडं आठ दिवस चल म्हटलं. "आजीला सोडून न्हाई येणार." पाखराला सोडून म्हणायचंय, पण बोलत नाही. भारी आतल्या गाठीची पोर आहे.

नकोच होती मला सावत्र पोर. लग्नाआधी आईला तसं म्हणाले होते. आता तिच्या कपाळाला हात लावल्याशिवाय मला सकाळचा चहा जात नाही.

२१ मार्च

उन्हं तापली. पाखरू उशिरा येतं, लवकर जातं. आज दुपारी काच वाजली नाही. मी भांडी तशीच टाकून अंगणात तीन चकरा मारल्या. संध्याकाळी आलं तेव्हा म्हटलं, "असं करत जाऊ नका हो."

२७ मार्च

मी आज केलं ते चांगलं की वाईट, मला माहीत नाही.

जुन्या पिठात अळ्या झाल्या होत्या. त्या एका झाकणात घातल्या, भिंतीशी ठेवल्या, वर कोंबड्या झाकायचं डालगं काठीवर तिरकं टेकवलं आणि काठीला सुतळी बांधून दाराआड बसले. शिरेवर सुई धरायला नऊ वर्षं शिकले, हात हलू द्यायचा नसतो. ती आली, टुणटुण उतरली, झाकणाशी गेली. मी सुतळी ओढली.

ती गेली नाही तर पोर तापणार नाही. साधा हिशोब. उन्हाळाभर सांभाळीन, अळ्या घालीन, पाणी ठेवीन.

पण डालग्याच्या फटीतून बघितलं तर ती कोपऱ्यात फुगून बसलेली. अळ्या समोर, तोंड लावत नाही. शेपूट सगळ्या अंगानिशी थरथरतंय. आणि मी, शाणी बाई, डालग्यापाशी बसून काय म्हणतेय, तर "अनिताताई, तुमच्याच पोरीसाठी."

सासूबाई रतनबाईंकडं गेल्या होत्या. साडेपाचला सृष्टी आली. डालगं बघितलं, खाली वाकली, आणि दप्तर टाकून माझ्यावर ओरडली. पहिल्यांदा ओरडली.

"सोडा तिला! मरंल ती!"

"अगं, तुझ्यासाठीच धरली. गेली की तू परत तापशील."

"मी कुठं तापले होते?"

पोर खाली बसली आणि एखाद्या मोठ्या बाईनं सांगावं तसं सांगायला लागली. मागच्या साली पाखरू गेलं त्या दिवशी आजी हायवेवर गेली होती. डिव्हायडर जिथं फोडलाय तिथं, आई गेली त्याच जागेवर. मधोमध उभी. ट्रकवाले शिव्या देत होते आणि आजी हलत नव्हती. शाळेच्या गाडीतून सृष्टीला दिसलं. तिनं पळत जाऊन आजीचा पदर धरला आणि तोंडाला आलं ते बोलली, "आजी, मला ताप आलाय." आजी लगेच घरी आली. मग पोरीला कळलं की ताप असला की आजी हलत नाही. कांदा काखेत धरायचा, गरम चहाचा कप गालाला लावायचा. पंधरा दिवस.

"कढीपत्त्याला आजीनंच धाडलं व्हतं आईला. पलीकडच्या मळ्यात. आजी म्हणती, पानाबिगर काय अडलं व्हतं का."

कढी आठवली मला. सगळंच आठवलं. रोज दप्तर टाकायच्या आधीचा तो प्रश्न आठवला. चार महिने मी भलत्याच माणसाचं कपाळ चाचपत होते.

"आणि हे पाखरू? ही आई नाही?"

"पाखरू हाय ते," सृष्टी म्हणाली. "आई मेली. मला म्हाईत हाय. पण ते आल्यावर आजी जेवती, म्हणून मी पण आई म्हणती."

नऊ वर्षांची. मला रडू फुटलं, तर तीच म्हणाली, "रडू नका, आजी यील." आम्ही दोघींनी मिळून डालगं उचललं. पाखरू क्षणभर तिथंच बसलं, मग भिंतीवर, मग वायरवर. मला वाटलं वळून बघेल. कशाला बघेल?

३० मार्च

गुढी उभारली. पाखरू सकाळी होतं. दुपारनंतर नाही.

२ एप्रिल

तीन दिवस नाही. सासूबाई सकाळपासून मुठीत भात घेऊन भिंतीशी उभ्या. अकरा वाजता मी फोडणीला जिरं टाकलं, मागं वळून बघितलं, भिंतीशी कुणी नाही.

मोरीजवळ ज्या चपला हाताला लागल्या त्या घालून पळाले. डिव्हायडरच्या फटीत उभ्या होत्या, मूठ तशीच. दोन्हीकडून गाड्या. मी किती मोठ्यांदा ओरडले मला आठवत नाही. दंडाला धरून आणलं. हाताला वजनच लागलं नाही. वाटेत एवढंच म्हणाल्या, "आवंदा निरोप बी घेतला न्हाई तिनं." तिला डालग्यात कुणी कोंडलं होतं ते माझ्या जिभेवर आलं, पण मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का? आता कुणाला विचारू, खिडकी तर रिकामी आहे.

सत्यजीतला फोन लावला, तो प्लांटमध्ये, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी सृष्टीला सांगितलं. ती आत गेली आणि कांदा घेऊन आली.

"आता तुमी आजारी पडा. माझी परीक्षा हाय."

"अगं, कांद्यानं ताप येत नाही. मी लॅबमध्ये होते."

"येत न्हाई. पण धरायचा. आपल्याला धीर येतो."

५ एप्रिल

तिसरा दिवस अंथरुणात. सत्यजीतला खरं सांगितलं. त्यानं उठून भाकरी थापल्या. नकाशे झाले, पण थापल्या. कंपनीत सुट्टी टाकून आईला पुण्याला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं आमचं ठरलंय. सोमवारची वेळ मिळालीय. तोवर मी तापलेली.

सासूबाई उशाशी. ओल्या पट्ट्या ठेवतात, पेज भरवतात, पाय चेपतात. मला लाज वाटते. आज दुपारी न राहवून उठायला लागले, म्हटलं बरं वाटतंय आता. त्यांनी खांद्याला धरून परत निजवलं. कपाळावर हात ठेवला, तसाच राहू दिला.

"ताप न्हाई तुला," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"मागच्या साली पोरीलाबी नव्हता. चार लेकरं वाढवली म्या, दोन मातीत घातली. हात लावल्यावर कळत न्हाई व्हय मला?"

"मग पंधरा दिवस कशाला बसलात?"

पट्टी पाण्यात बुडवली, पिळली, घडी केली. हायवेवरून एका मागोमाग गाड्या जात होत्या, खिडकीची काच हादरत होती.

"तू पडून ऱ्हा," त्या म्हणाल्या. "मला कुठंतरी बसाया जागा पायजे गं."

आत्ता बसल्या जागी त्यांचा डोळा लागलाय, म्हणून लिहितेय. एक हात माझ्या अंगावर आहे. बाहेर चाळीस डिग्री असेल. मी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतलीय.